शिळा ठरवलेला पृष्ठभाग

“सुनंदाबाई कष्टाळू होत्या, यात शंका नाही. पण लोहाच्या स्फटिकात त्यांना दिसलेला ऊर्जेतला तो लहान खंड म्हणजे शिळ्या पृष्ठभागाने केलेली फसवणूक होती.”

काही आठवड्यांपूर्वी चंद्रपूरच्या शोकसभेत तिच्याच एका सहकाऱ्याने हे वाक्य हळव्या स्वरात उच्चारले आणि सभेने माना डोलावल्या. मी उठलो, तर कोणीतरी सदरा ओढून मला खाली बसवले. म्हाताऱ्याला भावना अनावर झाल्या, असे वाटले असावे. मला फक्त ते विधान खोडायचे होते. आजाराने सुनंदाला नेले. तिचे काम नेण्याचा अधिकार कोणाला दिलेला नाही.

सुनंदा धानोऱ्याची. आधी माझी विद्यार्थिनी, पुढे संशोधनातली सहकारी. मला शेवटपर्यंत ‘भाऊ’ म्हणत आली. अतिथंड पदार्थातून वीज विनाविरोध वाहते, ती अतिसंवाहकता हा तिचा विषय. तिच्या थोरल्या भावाने एकदा माझ्यासमोर विचारले, “लोखंडाले एवढं थंड करून काय भेटते, बाई?”

“वीज बिनरोक धावते, दादा.”

“मंग आमच्या तारा बी थंड कर. इथी तर साधी चालत नाई!”

सर्वांत मोठ्याने तीच हसली होती...

स्फटिकावर प्रकाश टाकायचा आणि बाहेर फेकल्या गेलेल्या इलेक्ट्रॉनांवरून आतल्या ऊर्जांचा माग काढायचा, ही तिची रीत. लोहाच्या संयुगांच्या या स्फटिकांत इलेक्ट्रॉनांचे अनेक ऊर्जापट्टे असतात. अतिसंवाहक होताना त्यांत खंड पडतात, म्हणजे इलेक्ट्रॉनांना मज्जाव असलेल्या ऊर्जांच्या फटी, प्रत्येकाची रुंदी निराळी. मोठा खंड सर्वांना मान्य होता. लहान तिला दिसला. स्फटिक किंचित तापवताच, अतिसंवाहकता संपल्यावर खरा खंड बुजावा तसा, तो बुजला. आक्षेप इथेच आहे. मोजणी निर्वातात होते, पण तिथेही उरलेसुरले वायुकण चिकटून पृष्ठभाग हळूहळू शिळा होतो. खूण पुसली ती उष्णतेने नव्हे, वेळ गेल्याने, असे हे गृहस्थ म्हणतात.

आक्षेप मूर्खपणाचा नाही. म्हणूनच तो तिला यांच्या कितीतरी आधी सुचला होता. त्या दिवशी मी तिच्या शेजारी होतो. मोजणी संपली असे समजून मी उठलो.

“काऊन घाई करून राह्यले, भाऊ? बसा.”

“दिसलं की सगळं!”

“मले दिसलं. भांडणाऱ्याले कुठी दिसलं?”

स्फटिक तोच, पृष्ठभाग तोच, आणि एव्हाना आणखी शिळा झालेला. तिने तो पुन्हा थंड केला. शोकसभेतले विधान खरे असते, तर बुजलेला खंड बुजलेलाच राहायला हवा होता.

तो पुन्हा उघडला.