न वाजलेली पायरी

स्टुडिओत त्यांना सगळे खुडबुडे म्हणत, आणि हजेरीपट सोडला तर त्यांचं खरं आडनाव कुठेच उरलं नव्हतं. काम आवाज करण्याचं. पडद्यावर माणूस चालला की खुडबुड्यांनी अंधाऱ्या खोलीत वाळूच्या पेटीत उभं राहून चालायचं. पडद्यावर कुणाचं हाड मोडलं की यांनी माइकपुढे गाजर मोडायचं. सदतीस वर्षांत त्यांनी नव्वदेक जणांची हाडं मोडली आणि मोडलेली गाजरं पिशवीत घालून घरी आणली. बायकोने त्यातलं एकही वाया घालवलं नाही.

त्यांच्या घरातल्या कुठल्याच वस्तूला सुखाने वस्तू म्हणून राहता आलं नाही. छत्री फटाफट उघडून मिटली की वटवाघळं उडत. पत्र्याचा ट्रे हलवला की वीज कडाडे. बायको घरीच शिवणकाम करायची, कापड फाडायला घेतलं की हे दाराआडून ओरडायचे, "थांब! हळू फाड!" शेजारणींना ती सांगायची, "आमच्याकडची भांडीकुंडीसुद्धा सिनेमात कामाला आहेत. मीच तेवढी रिकामी." सांगताना ती हसायची नाही, त्यामुळे शेजारणींनाही हसावं की नाही ते कळायचं नाही.

आता त्या सिनेमाचं. रहस्यपट होता, कृष्णधवल. एका घरात दोन भाऊ. थोरला वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेला, घर त्याच्या नावावर. धाकटा खाली, वाट बघत. मधे लाकडी जिना, आणि वरून तिसरी पायरी करकरणारी. पायरी करकरली की थोरला वरून विचारायचा, "कोण?" सिनेमात असं तीनदा होतं. चौथ्या वेळी धाकटा हातात उशी घेऊन चढतो.

प्रत्यक्षात तो जिना प्लायवूडचा होता आणि त्यावर पाय ठेवला की फक्त थप्प व्हायचं. दिग्दर्शक कमी बोलणारा आणि त्यामुळे सगळ्यांना धडकी भरवणारा. त्याने बजावलं, "एकच करकर चारदा वाजवायची नाही. दर वेळी नवी हवी. शेवटची सगळ्यात लांब." खुडबुड्यांनी गावातली दारं, पलंग, बाकं सगळं पालथं घातलं आणि शेवटी हवी ती करकर स्वतःच्याच स्वयंपाकघरात सापडली. साखर-चहापत्तीच्या कपाटाचं दार. त्याची खालची बिजागरी अशी काही विव्हळायची की ऐकणाऱ्याने वळून बघावं.

खुडबुड्यांचा एक नियम होता. बिजागरीला विश्रांती दिली की करकर साठते आणि सारखं उघडझाप केलं की ती वापरून संपते, असं ते शपथेवर सांगत. खरंखोटं देव जाणे. पण रेकॉर्डिंगच्या आधी तीन दिवस ते कपाटाला सुतळी बांधत आणि घरात कुणालाही त्याला हात लावू देत नसत. साखर खिडकीत गेली आणि साखरेमागोमाग मुंग्या आल्या. बायको शिवता शिवता सगळं बघत होती आणि रोज जेवताना सिनेमाची गोष्टही ऐकत होती, कारण ते दुसरं काही बोलतच नसत.

पहिल्या तीन करकरी अशाच घेऊन झाल्या. चौथीच्या सकाळी त्यांनी दार बिजागरीसकट उचकटलं, चादरीत गुंडाळलं आणि स्टुडिओत नेलं. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. पडद्यावर धाकटा चढू लागला. तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय पडला आणि खुडबुड्यांनी दार ओढलं.

काहीही वाजलं नाही.

दार लोण्यातून सुरी जावी तसं उघडलं. अंधारात त्यांच्या बोटांना ओशट लागलं आणि नाकाला शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला. पुढचं अर्धं मिनिट त्यांनी मनातल्या मनात नोकरी गेल्याचं घरी कसं सांगायचं याची तयारी केली. काचेमागून दिग्दर्शक म्हणाला, "पुन्हा दाखवा." पुन्हा दाखवलं. पाय पडला, पायरी गप्प. दिग्दर्शक बाहेर आला आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"कसं सुचलं?"

"सुचलं," खुडबुडे म्हणाले.

एवढ्या एका शब्दावर त्यांचं सगळं नाव उभं राहिलं. आवाज ऐकून थोरला डोळे उघडतो, तो तुकडा दिग्दर्शकाने कापून टाकला. डोळे उघडायला त्या नटाने अकरा वेळा कॅमेऱ्यापुढे निजून दाखवलं होतं. तो पुढे वर्षभर खुडबुड्यांशी बोलला नाही.

त्या दिवशी ते घरी आले ते पेटून. नोकरी जाण्याची भीती आणि तोंडातून गेलेलं खोटं, दोन्ही त्यांनी बायकोवर काढलं. ती म्हणाली, "अहो, ऐका तर, मी म्हटलं की—" त्यांनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "तुला यातलं काय कळतं?" ते एवढ्या जोरात ओरडले की तीन वर्षांची मुलगी रडायला लागली. बायकोने तेलाची बुधली मशीनच्या खणात ठेवून दिली. मग तिने सिनेमाचा विषय काढला नाही, आणि हा सिनेमा पाहायला तर ती थेटरात पाऊलसुद्धा टाकेना. बाकी संसार व्यवस्थित झाला. मुलगी मोठी झाली, शिकली, लग्न झालं. त्या एका वाक्याची माफी मात्र राहून गेली. मागायची तर "सुचलं" हे खोटं होतं तेही सांगावं लागलं असतं, आणि तोवर त्या शब्दावर एक मानचिन्हही मिळालं होतं. ते कपाटावर होतं. त्याच कपाटावर.

चाळीस वर्षांनी चित्रपट मंडळाने तो सिनेमा पुन्हा दाखवायचं ठरवलं आणि खुडबुड्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. मुलीने आईला बजावलं, "आई, या वेळी तू येतेयस. बाबांचं वय बघ." आईने बाबांचं वय बघितलं आणि साडी बदलली.

रविवारी सकाळी अकराला सिनेमा लागला. खुडबुड्यांनी पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही. ते शेजारी बायकोकडे बघत होते. चौथ्या वेळी पायरी वाजली नाही तेव्हा सगळ्या हॉलने श्वास रोखला. तिने चष्मा पुसला.

नंतर एका प्राध्यापिका बाई बोलल्या. त्यांनी या सिनेमावर मोठं पुस्तक लिहिलं होतं. दिवाणखान्यात तीनदा दिसणारी काळी छत्री ही मृत्यूची चाहूल आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. ती छत्री कॅमेरामनची होती आणि तो ती सेटवर सारखी विसरायचा. पण खुडबुडे गप्प बसले, कारण तो त्यांचा विषय नव्हता. मग बाई पायरीवर आल्या. करकर म्हणजे धाकट्याचं मन, ते तीनदा टोकतं. चौथ्या वेळी ते टोकत नाही, कारण ते मेलेलं असतं. या एका शांततेवर त्यांचं अख्खं प्रकरण होतं. "सर, ही शांतता तुम्हाला कशी सुचली?"

माइक हातात आला. सुचलं, एवढं म्हटलं की टाळ्या आणि चहा. बायको समोर बघत होती, चेहऱ्यावर काही नाही. खुडबुड्यांना चाळीस वर्षांची लाज एकदम वाटली.

"सुचलं नाही," ते म्हणाले. "आमच्या हिने बिजागरीला तेल घातलं. चुकून. मला कळलं तेव्हा लाल दिवा लागला होता. मी खोटं बोललो, आणि घरी जाऊन हिलाच ओरडलो. ते फार वाईट केलं. आज हिची सगळ्यांसमोर माफी मागतो."

आधी हशा, मग टाळ्या. प्राध्यापिका बाई हातातल्या पुस्तकाकडे बघत होत्या. मुलगी रडत होती. टाळ्या थांबल्या तेव्हा बायको म्हणाली, "तो माइक द्या इकडे."

तिने माइक शिलाईची कात्री धरावी तसा धरला.

"चुकून नाही घातलं. तीन दिवस कपाटाला सुतळी होती, तिच्यावरून चुकून कुणी तेल घालतं का? मी सुतळी सोडली, तेल घातलं आणि परत तशीच गाठ मारली. धाकटा म्हणजे जन्मभर त्या घरात राहिलेला माणूस. त्याला ठाऊक असतं कुठली पायरी वाजते आणि वाजली की भाऊ जागा होतो. तो आदल्या दिवशीच तेल घालून ठेवेल. मी तरी तेच केलं असतं. यांना सांगितलं तर हे ऐकणार नाहीत, म्हणून म्हटलं, आधी करून दाखवू. नंतर सांगायला गेले, तर यांनी ऐकून घेतलं नाही."

ती खाली बसली. प्राध्यापिका बाईंनी पेन काढलं.

घरी येईपर्यंत खुडबुडे मनात हिशोब मांडत होते. आपण घाबरून खोटं बोललो, आणि जे लपवलं ते आपलं नव्हतंच. चूकही आपली नव्हती आणि हुशारीही. घरी आल्यावर त्यांनी चहा केला, जन्मात पहिल्यांदा न सांगता. कपाट उघडून साखर काढली. दार गपचूप उघडलं. मग कप तिच्यापुढे ठेवून ते समोरच्या खुर्चीवर बसले.

"तुला यातलं काय कळतं?" त्यांनी विचारलं. शब्द तेच, फक्त या वेळी उत्तर हवं होतं.

बायकोने चहाचा घोट घेतला. साखर जास्त झाली होती, ते तिने सांगितलं नाही.

"शेवटी पोलीस दार ठोठावतो ना," ती म्हणाली, "तो आवाज माझ्या भाजी चिरायच्या फळीचा आहे. कुणालाही कळेल. आणि दुसरी करकर फार लवकर येते. लिहून घ्या."

खुडबुडे उठले आणि वही आणायला गेले.