परमिट रूममधले गुरुवार

शिरूरला नोकरीला होतो तेव्हा माझा आवाज शनिवारी संध्याकाळी बंद व्हायचा आणि सोमवारी सकाळी कंपनीच्या गेटवर पुन्हा सुरू व्हायचा. मधल्या रविवारी बोलायला कुणी नसायचं. दौंडला आई होती तोवर दर शनिवारी एसटीने तिकडे जायचो. आई गेली, तिथलं भाड्याचं घर सोडलं, आणि रविवार शिरूरच्या खोलीत काढायची वेळ आली. खाली घरमालक राहायचे. ‘पाणी आलंय’ एवढं सांगण्यापुरती त्यांची हाक यायची. कधीकधी पाणी आलेलं मला आधीच कळलेलं असायचं, तरी मी हाकेची वाट बघत बसायचो.

जेवायला मी नगर रस्त्यावरच्या एका हॉटेलात जायचो. पुढे फॅमिलीची टेबलं, मागे परमिट रूम. मी पीत नाही. पण पुढे चार खुर्च्यांचं टेबल एकट्याने अडवलं की वेटर सारखा बघत राहतो. मागे एकट्या माणसाचं कुणाला काही वाटत नाही, तिथे बहुतेक जण एकटेच येतात. म्हणून मी मागे बसून शेवभाजी खायचो आणि पेपर वाचायचो. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. एमआयडीसी जोरात होती, रस्त्याला रोज नवी पाटी लागत होती.

हॉटेलच्या मालकाचे आजोबा मेंढ्या घेऊन रानोमाळ हिंडायचे. नातवाने हायवेला जागा धरली आणि धंदा बरा चालवला होता. त्याचं एकच दुखणं होतं, गुरुवार. निम्मं गाव गुरुवार पाळतं, त्या दिवशी परमिट रूममध्ये पंखे तेवढे फिरायचे. पुण्यातल्या कुठल्याशा बारमध्ये त्याने प्रश्नोत्तरांचा खेळ बघितला आणि तो थेट माझ्या टेबलाशी आला.

“साहेब, तुमी रोज पेपर वाचता. तुमाला समदं ठावं असणार. गुरुवारी इचारा की लोकांना चार प्रश्न. गंमत व्हईल, गिऱ्हाईक बसंल.”

मी लगेच हो म्हणालो. मला सामान्य ज्ञानाची हौस होती असं मुळीच नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ माणसं माझ्याकडे तोंड करून बसतील, ही हाव होती.

पहिल्या गुरुवारी मी इस्त्रीचा शर्ट इन केला, हातात कागद घेतला आणि मधोमध उभा राहून खणखणीत आवाजात विचारलं, “महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं?” मोजकीच माणसं होती, त्यांचे ग्लास भराभर टेबलाखाली गेले. एकाने विडी चपलेखाली चिरडली. दाराजवळचा म्हातारा हात जोडून उभा राहिला. “साहेब, मी निस्ता जेवाया आलोय.” इन केलेला शर्ट, हातात कागद आणि वर प्रश्न, म्हणजे दारूचे परवाने तपासणारा एक्साईजचा माणूस, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. मालकाने धावत येऊन खुलासा केला, पण तोवर दोघे मोरीच्या दाराने पसार झाले होते. मला हसू यायला हवं होतं. मला आला राग. इतके दिवस त्याच खोलीत जेवत होतो, आणि एकानेही मला ओळखलं नव्हतं.

कसं विचारायचं ते मी शिकलो एसटी स्टँडवर. रविवारी मी तिथे जाऊन बसायचो. कुठे जायचं नसायचं, माणसांचे आवाज कानावर पडायचे एवढंच. तिथला कंट्रोलर माइकवर गाडी पुकारायचा. न्हावरा, चौफुला मार्गे दौंडला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे. एकदा पुकारायचा, थांबायचा, मग तेच शब्द पुन्हा, जरा सावकाश. पहिल्या वेळी सगळे गप्पांत असायचे. दुसऱ्या वेळी माना वळायच्या. बरेच रविवार त्याला ऐकून माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मग मी कागद सोडला, प्रश्न पाठ केले. शर्ट बाहेर काढला. उभं न राहता खुर्ची मध्ये ओढून बसायला लागलो. प्रश्न दोनदा, दुसऱ्यांदा सावकाश. उत्तर चुकलं तर ‘चूक’ म्हणायचं नाही, ‘जवळ आलात’ म्हणायचं, कारण चूक म्हटलं की मोठ्या माणसांची शाळेतली पोरं होतात आणि पुन्हा तोंड उघडत नाहीत. आपलं नाव सांगायला कुणी तयार नव्हतं, म्हणून टेबलांनाच नावं दिली. कोपरा, खिडकी, पंखा, मोरी. जिंकणाऱ्याला मसाला पापड. शेवटचा प्रश्न अवघड काढायचा आणि त्याचं उत्तर पुढच्या गुरुवारी द्यायचं, ही युक्ती माझी स्वतःची. त्यामुळे माणसं परत यायची. खरं सांगायचं तर ती परत यावीत म्हणूनच मी ती काढली होती.

आणि आली! मोरी आणि पंखा यांची एका पापडावरून जुंपायची. “सर, ह्यो अन्याव हाय!” असं कुणी ओरडलं की माझं पोट भरायचं. गुरुवार पाळणारेसुद्धा यायला लागले आणि लिंबू सोडा घेऊन बसायला लागले. सगळ्यांत हुशार कोपरा. मार्केट यार्डात कांद्याची आडत असलेला, जाड मिशांचा गृहस्थ. तोही सोडाच प्यायचा.

बाजारच्या दिवशी तो मला यार्डासमोर दिसला. बरोबर दोन-चार शेतकरी होते. मी आनंदाने हात वर केला. “काय, नमस्कार!”

त्याने माझ्याकडे बघितलं. “आपण? न्हाई वळखलं.”

मी वर केलेला हात तसाच डोक्यावरून फिरवला आणि भाजी घ्यायची राहिली.

पुढच्या गुरुवारी तो लवकर आला, माझ्याजवळ वाकला. “सर, राग मानू नगा. हितली वळख हितंच. भाईर मी तुमाला वळखत न्हाई, तुमी मला न्हाई. समद्यांचंच तसं हाय.”

“अहो, पण तुम्ही तर लिंबू सोडा पिता!”

“परमिट रूममधी बसून सोडा पितो म्हणून सांगितलं, तर कोण इस्वास ठेवंल?”

रीत पक्की होती. स्टँडवर, पोस्टात, कटिंगच्या दुकानात मला पंखा भेटला, खिडकी भेटली, मोरी तर एकदा माझ्याच शेजारी दाढी करून घेत होती. कुणी पापणी हलवली नाही. मीही नाही. गुरुवारी याच माणसांनी माझ्या नावाने गलका केलेला असायचा. गुरुवार सुरू होण्याआधी रविवार नुसता रिकामा होता, आता तो खुपायला लागला.

पावसाळा सरता सरता मालक माझ्यासमोर येऊन बसला. त्याला अवघडल्यासारखं झालं होतं.

“सर, प्रश्न झकास हायेत. खोली भरती. पर समदे सोडाच पित्यात वो. आन् तो पापड फुकाट.”

धंदा त्याचा होता, त्याचं काही चुकलं नव्हतं. आदल्या गुरुवारी मी शेवटचा प्रश्न टाकला होता, तीन हृदयं असलेला प्राणी कोणता? त्याचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं. मालकाने खेळ बंद केला आणि गुरुवारी ती खोली वाढदिवसांना द्यायला सुरुवात केली. कुणाचं नाव माहीत नव्हतं, पत्ता माहीत नव्हता. सांगायला जाणार कुणाकडे?

त्यानंतरच्या एका रविवारी मी स्टँडवर नेहमीच्या बाकावर बसलो होतो. दौंडची गाडी लागली. गर्दीतून कोपरा आला. पुढे बायको, तिच्या हाताला शाळेच्या वयाची मुलगी, मागे हा दोन पिशव्या घेऊन. त्याने मला पाहिलं हे मला कळलं, कारण त्याने लगेच मान दुसरीकडे वळवली. मीही रीतीप्रमाणे चपलांकडे बघायला लागलो.

माझ्या बाकासमोर आल्यावर त्याने एक पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि समोर बघत, ओठ न हलवल्यासारखं पुटपुटला,

“ऑक्टोपस. पोरीला इचारलं.”

आणि पुढे चालू लागला.

“बरोबर,” मी म्हणालो. दिवसभर न बोललेला घसा, आवाज धड फुटला नाही. म्हणून सवयीने दुसऱ्यांदा म्हणालो, जरा सावकाश, “बरोबर.” तोवर तो गाडीत चढला होता. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली.

त्या अख्ख्या रविवारी मी तेवढंच बोललो.