उंचीवर लागलेली नोकरी

गिरणीतले किस्से कुणी जमवत नाही. कापसाची धूळ अंगावर बसते, तसे ते बसतात आणि झटकले तरी जात नाहीत. मी दोन इयत्ता शिकलो. पण गिरणीच्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन मी होतो. तेव्हा सांगायचा हक्क माझा.

* * *

आमच्या गेटवर रोज सकाळी बदली कामगारांची रांग लागे. कुणी गैरहजर असला, की त्याच्या जागी रांगेतला एक आत जाई. एकदा दुधनीकडचा एक धनगर रांगेत आला. नाव सिद्राम. सगळ्यांच्या पटक्यांच्याही वर याचं डोकं! गिरणीच्या साहेबांना तेव्हा बास्केटबॉलचं वेड लागलेलं. त्यांनीच त्याला विचारलं,

"माग चालवता येतो?"

"न्हाय."

"मग काय येतं?"

"मेंढरं राकतो."

"याला कायम करा!"

सहा वर्षं त्याच रांगेत उभा असलेला लक्ष्मण मला म्हणाला, "माज्या आईनं चार बोटं कमी घातली की रं!"

* * *

रिंगला लावायची जाळी बाजारात मिळेना. आम्ही विणकर. आम्हीच विणली. अशी घट्ट विणली, की पहिला बॉल आत गेला तो आतच राहिला! खेळ शिकवायला मद्रासहून आलेला मास्तर कपाळाला हात लावून खाली बसला. सिद्रामने खालून बुक्की मारून बॉल वर उडवला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तोच खेळ वाटला.

* * *

मागांच्या खडखडाटात आमचे कान गेलेले. आत आम्ही ओठ बघूनच बोलत असू. एका मॅचमध्ये शिट्टी वाजली, समोरची टीम थांबली आणि आम्ही आपले खेळतोय! तीन बास्केट टाकले. रेफ्री माझ्या तोंडाशी येऊन ओरडला, तेव्हा कळलं.

सिद्राम नवा, त्याचे कान चांगले होते. मास्तरने त्याला झापलं.

"ऐकू आलं व्हतं की. पन कॅप्टन पळतुया म्हनून मीबी पळालो."

* * *

पुण्याच्या टीमशी खेळताना सिद्रामचा गुडघा फिरला. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने खेळायचं नाही."

"मग तीन म्हैने गिरनीत मी कोन?"

खरंच होतं. माग त्याला येत नव्हता. तो कायम होता तो खेळापुरता. मी गुडघ्याला फडकं आवळून बांधलं. म्हणालो, "रिंगखाली नुसता उभा ऱ्हा. बॉल आमी आनतो."

दोन मॅच जिंकलो. तिसरीत तो खाली बसला, तो उचलूनच न्यावा लागला. महिन्याभरात तो वाकडा गुडघा घेऊन पुन्हा बदलीच्या रांगेत. साहेबांशी बोलायला मी गेलो नाही. माझा माग चालू होता.

* * *

एका सकाळी साहेब स्वतः गेटवर आले.

"सिद्राम, इकडे ये."

 लक्ष्मणने त्याच्या पाठीत थाप मारली, "गेलास बघ आत!"

साहेबांनी त्याला गेटच्या खांबाला पाठ लावून उभं केलं. सिद्राम दात आवळून दोन्ही पायांवर ताठ उभा राहिला. साहेबांनी डोक्याशी खडूने रेघ मारली आणि पहारेकरी बशीरला सांगितलं, "या रेघेला ज्याचं डोकं लागेल, त्याला आत पाठव. टीमला नवा माणूस हवाय."

मग सिद्रामला म्हणाले, "जा."

दुसऱ्या दिवशी रांगेत पहिला सिद्राम. पटका काढून तो खांबाला टेकला, पण गुडघा आज सरळ होईना. बशीरने वर पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"नीचे है रे, सिद्राम."

"आरं बशीरभाई, रेघ माजीच हाय की!"