आपला माणूस जिंकते काय?

त्या वर्षी बुद्धिबळाच्या जगज्जेत्यासमोर आव्हानवीर म्हणून आपल्या देशाचा एक तरुण बसला होता. मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते. शनिवारी घरी जाताना वसतिगृहातले जुने इंग्रजी पेपर मागून न्यायचे, हे काम बाबांनी माझ्यावर सोपवलं होतं. गावात येणाऱ्या पेपरात डाव कोण जिंकलं तेवढंच असायचं. इंग्रजी पेपरात सगळ्या खेळ्या यायच्या.

आमची संत्र्याची बाग वरूडहून शेंदूरजनाघाटला जाणाऱ्या रस्त्यावर होती. बाबांना बुद्धिबळाचा नाद लावला तो चाचांनी. चाचा अमरावतीचे फळांचे व्यापारी. आमची बाग दरवर्षी तेच घ्यायचे. बहार पाहायला आले, की झाडांतून एक फेरी मारायची आणि मग बाजेवर पट मांडून बसायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. त्या वर्षी घेण्यासारखं फळच नव्हतं. विहिरीचं पाणी खोल गेलं होतं, नवी बोअर कोरडी निघाली होती. पश्चिमेकडच्या झाडांनी पानं टाकली होती. तरी चाचा दर शनिवारी येत राहिले.

मी खेळ्या वाचायची, ते दोघं पटावर मोहरी हलवायचे. सुरुवातीचे डाव एकामागून एक बरोबरीत सुटले.

"पायलं का भाई," बाबा म्हणाले, "इतक्या दिवसात त्याले एक डाव जिंकता नाई आला. आपलं पोरगं भेत नाई त्याले."

"भाऊ, तो आपल्या पोराचं वजन करून राहिला," चाचा म्हणाले. "त्यानं लय लोकं पायले असे. आपला माणूस हुशार हाय, पन जिंकत नाई. लिहून घे."

"काहून जिंकत नाई?"

"एक डाव हारल्यावर दुसऱ्या दिवशी कसं बसा लागते, ते त्याले मालूम हाय. आपल्याले अजून शिकाचं हाय."

मला चाचांचा राग यायचा. आपला माणूस म्हणायचं आणि वर हरेल असंही सांगायचं, हे मला पटत नव्हतं. पुढच्या शनिवारी आव्हानवीर एक डाव जिंकल्याची बातमी मी बसमधून उतरताच ओरडून सांगितली. बाबांनी आईला गोडाचा शिरा करायला लावला. चाचांनी तो मनापासून खाल्ला आणि एवढंच म्हणाले, "आता लागंल त्या जगज्जेत्याले."

त्याच्या पुढच्या शनिवारी मी जो डाव घेऊन गेले, त्यात जगज्जेत्यानं आपला हत्ती चक्क सोडून दिला होता. घरूनच सगळं ठरवून आल्यासारखा तो भराभर खेळला, असं पेपरात होतं. आपला माणूस हरला होता, आणि पुढच्या पेपरात आणखी एकदा हरला होता.

बाबांनी तो हत्ती सोडल्याचा डाव पुनःपुन्हा मांडला. आपल्या माणसाच्या, काळ्या बाजूनं सुटका शोधत दुपारभर बसले. आईनं दोनदा जेवायला हाक मारली.

"नाई भाऊ, वाट नाई," शेवटी चाचा म्हणाले.

"असंल. मले दिसून नाई राहिली."

चाचांनी पटावरची नजर उचलून बागेच्या पश्चिमेकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "भाऊ, तिकडच्या झाडाचंही तसंच हाय. ते मेले. जेवढं पानी हाय तेवढं विहिरीजवळच्याले दे. सगळ्याले दिलं त एकही राहात नाई."

बाबांनी पट उलथा केला. मोहरी बाजेखाली घरंगळली.

"तुह्या बापानं लावले काय ते झाडं?" ते म्हणाले. "तुले काय, तू दुसरी बाग पायशीन."

मी बाबांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. चाचांनी चपला घातल्या आणि चहा न घेताच निघाले. रस्त्यावर बस येईपर्यंत ते उन्हात उभे होते. मी पाणी घेऊन गेले. त्यांनी ते घेतलं आणि म्हणाले, "बाबाले एकटं सोडू नोको पोरी." त्यांचे डोळे भरून आले होते.

रविवारी सकाळी बाबा दिसले नाहीत म्हणून मी बागेत गेले. हातात चुन्याचा डबा घेऊन ते तोडायच्या झाडांवर खुणा करत होते. प्रत्येक झाडाशी थांबत, एखादी फांदी मोडून आत ओल आहे का पाहत, आणि मगच खूण करत. मी डबा धरला.

झाडं तोडायच्या दिवशी मी कॉलेज बुडवलं. मजूर येण्याआधीच चाचा येऊन उभे होते. त्यांना कोणी कळवलं होतं, ते मला आजही माहीत नाही. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकून बांधावर जागा केली. कुऱ्हाडी चालू झाल्या. दोघं संध्याकाळपर्यंत शेजारी बसून होते. सुकलेल्या लाकडालाही संत्र्याचा मंद वास होता.

सामना तोवर संपला होता. जगज्जेता जगज्जेताच राहिला. मी सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "त्याले पुन्हा बसू देतेत का समोर?"

"पहिल्यापासून सगळ्यांशी खेळून यावं लागतं," मी म्हटलं.

"येते तो," चाचा म्हणाले.

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. "तूच त म्हणे, जिंकत नाई."

"या वक्ताले म्हटलं होतं, भाऊ."

विहिरीजवळची झाडं पुढं बरीच वर्षं टिकली. रिकाम्या वावरात बाबांनी तूर पेरली. चाचांना नेण्याइतका माल आमच्याकडे पुन्हा कधी झाला नाही. ते मात्र येत राहिले, अमरावतीहून निघताना सोबत स्वतःच पेपर घेऊन.