शंकासुर आणि त्यांचा अरब

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांना अख्खं गाव शंकासुर म्हणायचं, तेही तोंडावर! आणि सरांनाच त्याचं कोण कौतुक. खऱ्या नावानं हाक मारली तर ते वळूनसुद्धा बघायचे नाहीत. शेवगावजवळच्या त्या खेड्यात मी नवी कोरी शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी म्हणून बसले, ‘देवाच्या कृपेनं नोकरी लागली.’ सर लगेच म्हणाले, ‘मग ज्यांना लागली नाही, त्यांच्यावर कोणाची कृपा?’ बाई गं! माझा चहा तसाच गार झाला.

हैदराबादेत शिकताना सरांनी अरबी घोटली होती. हजार वर्षांपूर्वी धर्माला उलटे प्रश्न विचारणारा एक अरब पंडित तिथं त्यांना भेटला, अर्थात पुस्तकात. ‘आमचा अरब म्हणायचा’ असं सुरू झालं की तास संपल्याची घंटाही त्यांना ऐकू येत नसे. शेजारच्या सीताआजींना तो सरांचा दोस्तच वाटायचा. एकदा त्या लोणच्याची बरणी घेऊन थेट शाळेत आल्या. ‘मास्तर, त्या अरबाला सांगा, देवाला न्हाई मानलं तरी चालंल, पन येळेवर जेवत जा म्हनावं.’ सरांनी बरणी आदरानं ठेवून घेतली. मग काय, महिनाभर मधल्या सुट्टीत आम्ही अरबाचं लोणचं खाल्लं.

खरी धमाल हरिनाम सप्ताहात. गावच्या बुवांचं कीर्तन ऐन रंगात आलं की सरांचा हात वर. ‘बुवा, एक शंका. देव सगळीकडं आहे, तर देवळाला कुलूप का?’ मृदंग थांबायचा. बुवा म्हणायचे, ‘देवासाठी न्हाई मास्तर, तुमच्यासारख्यांसाठी!’ मांडव खदाखदा हसायचा, सर सगळ्यांत मोठ्यानं. आम्ही बायका तर पदर तोंडात कोंबून बसायचो. नंतर पंगतीला दोघं शेजारी शेजारी.

काहींना मात्र हे खुपलं. ‘पोरं बिघडत्यात’ म्हणून वर अर्ज गेला. बुवा स्वतः पंचांकडं जाऊन भांडले, ‘मास्तरांची शंका न्हाई तर माजं कीर्तन म्हंजी मिठाबिगर आमटी!’ कशाचं काय! बदली झाली, तीही जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, राजूरला. मी तर सरळ रडले.

एसटीपाशी सरांनी ट्रंक खाली ठेवली. मग बुवांचा हात धरून म्हणाले, ‘माझ्या अरबाची पुस्तकं सगळी नष्ट झाली हो. त्याला खोडून काढायला विरोधकांनी जेवढं लिहून ठेवलं, तेवढाच तो उरला. बुवा, मला खोडत राहा.’

बुवांनी शब्द पाळला. पुढच्या सप्ताहात रोज ‘मास्तर पुसत्यात’ म्हणून एक शंका काढायची आणि ठणकावून तिचा फडशा पाडायचा. शेवटच्या दिवशी बुवा म्हणाले, ‘मास्तर पुसत्यात, संतांचं बोलनं अकलेला पटत आसंल तर अक्कलच पुरं. पटत नसंल तर ऐकायचं कशाला?’

  मृदंगवाल्याचा हात वरच्या वर राहिला. उपरण्यानं कपाळ पुसत बुवा हसायलाच लागले आणि पुढं बसलेल्या आमच्या शाळेच्या पोरांकडं वळून म्हणाले, ‘ही काय मला खोडता येत न्हाई. पोरांनो, पाठ करून ठेवा.’