लाल शर्ट न घेणारे काका

ओहायोच्या टीमचं नाव निघालं की काका चष्मा काढून पुसायला लागत. शर्टाच्या टोकाने, सावकाश, आधी डावी काच, मग उजवी. विषय बदलला की चष्मा परत नाकावर. "हं, काय म्हणत होतास?" मीटिंगमध्ये, कॅन्टीनमध्ये, एकदा तर एका बारशाला पाळण्याशेजारी उभं राहूनही त्यांना असा चष्मा पुसताना मी पाहिलंय.

तुम्ही इथे नवे असाल तर सांगतो. अमेरिकेतला फुटबॉल हातात धरून पळण्याचा खेळ आहे, आणि कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला गावंच्या गावं लोटतात. आमच्या मिशिगन राज्याच्या विद्यापीठाचा रंग निळा, शेजारच्या ओहायोवाल्यांचा लाल. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी हे दोघे भिडतात आणि त्या दिवशी इथे कुणी लग्नाचा मुहूर्तही काढत नाही. काका तरुणपणी सांगलीहून निळ्या विद्यापीठात शिकायला आले. पहिल्याच थंडीत रूममेटने आपला जाड निळा कोट त्यांच्या अंगावर चढवून त्यांना मॅचला नेलं. "खेळ ओ की ठो कळला नाही," काका सांगत, "पण या देशात पहिल्यांदा ऊब वाटली."

मी मिशिगनमधल्याच ट्रॉय गावी आलो २००१ मध्ये, चाळिशीला टेकल्यावर. म्हणजे ज्या वयात माणसं पुण्यात दुसरा फ्लॅट बघतात, त्या वयात मी व्हिसावर प्रोग्रॅमर. मराठी मंडळाच्या कमिटीत आम्ही सगळेच नवखे. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी शाळेचा हॉल पटकन मिळाला, म्हणून आम्ही एकमेकांची पाठ थोपटली. शनिवार कुठला होता ते ओळखलंच असेल तुम्ही. नाटकाला पुढच्या दोन रांगांत आमच्याच बायका बसल्या होत्या, बाकी हॉल रिकामा. जेवणाच्या वेळी काका उगवले, चेहरा पडलेला.

"हॉल इतका सहज का मिळाला, हे विचारलंत का कुणी?"

"नाही काका."

"निळे हरले. श्रीखंड उरलंय का?"

मोठा डबा भरून घेऊन गेले. तीच आमची पहिली भेट. पुढे कळलं, ते माझ्याच कंपनीत. मोटारीचं सीट मागेपुढे सरकवणारं यंत्र आम्ही बनवायचो. म्हणजे बनवायचे काका, मी त्याचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. आमची क्युबिकल्स लागून होती. मधल्या पार्टिशनवरून त्यांचं टक्कल आणि चकल्या दोन्ही इकडे येत.

मग आमची कंपनी ओहायोच्या एका कंपनीने विकत घेतली. नवा डायरेक्टर आला, दारासारखा रुंद माणूस, लाल विद्यापीठाचा. पहिल्याच नोव्हेंबरात त्याने सगळ्यांना लाल टी-शर्ट वाटले. शुक्रवारी घालून यायचं, हसत हसत सांगितलं. माझं ग्रीन कार्ड याच कंपनीच्या नावावर अडकलेलं. नोकरी सुटली की रांगेत पुन्हा शेवटी. तेव्हा मी शर्ट तिथेच, आहे त्या शर्टावरून चढवला. मुलगा घरी म्हणाला, "बाबा, दॅट्स सो एम्बॅरसिंग." मी म्हटलं, कॉटन चांगलं आहे.

काकांनी शर्ट घेतलाच नाही. "थँक यू सर. माझ्याकडे कपडे आहेत."

डायरेक्टर पोट हलवून हसला. दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. "गुड मॉर्निंग, एनिमी." त्यावर काका, "मॉर्निंग सर. बॅड टीम." रोज. डायरेक्टर आमच्या रांगेत यायचा तो काकांना चिडवायलाच. मी लाल शर्टात दात काढून बसलेला असे, माझ्याकडे तो बघतही नसे.

डबा खाताना मी काकांना छेडायचो. "काका, ओहायोवाले तिसऱ्याच कुणाशी खेळत असले तर? तेव्हा तरी त्यांच्या बाजूने?"

"तू पाकिस्तान-ऑस्ट्रेलिया मॅच बघतोस तेव्हा कुणाच्या बाजूने असतोस?"

"तेव्हा मी झोपतो."

"मग मलाही झोपू दे."

तुम्हाला वाटेल, या माणसाला कुणाची भीडभाड नव्हती. तसं नव्हतं. काकूंना संधिवात होता. बोटं वाकलेली, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायच्या. जी इंजेक्शनं लागू पडली ती कंपनीच्या विम्यावर मिळत. आधीपासूनचं दुखणं म्हणून दुसरा कुणी त्यांचा विमा काढायला तयार नव्हता, आणि सरकारी विमा पासष्टीला. काकू त्याच्या बऱ्याच अलीकडे होत्या. तोवर काकांना ही नोकरी टिकवायचीच होती. मला वाटायचं, अडकलोय तो मी. काका तर सिटिझन, स्वतःचं घर, दारात मेपलचं झाड. पण पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट बसलेली होती.

२००६ च्या शेवटाला मोटारींचा धंदा बसायला लागला. दर शुक्रवारी कुणीतरी खोक्यात आपला मग आणि फोटो भरून जाताना दिसे. त्याच हंगामात लाल टीम शेवटच्या मोठ्या मॅचपर्यंत पोचली, जानेवारीत, दक्षिणेकडच्या एका विद्यापीठाशी. डायरेक्टरने आम्हाला घरी बोलावलं.

मी काकांना घ्यायला गेलो. काकूंनी दार उघडलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मागून काका आले. अंगात लाल शर्ट. बाजारातून विकत आणलेला, घडीच्या खुणा तशाच.

"आपल्याच गटातली टीम आहे," गाडीत बसता बसता ते म्हणाले. "दक्षिणवाल्यांपुढे आपल्या भागाची इज्जत आहे. अशा वेळी चालतं."

"मी कुठे काय म्हटलं काका?"

"तोंड बघितलं तुझं."

डायरेक्टरच्या बेसमेंटमध्ये सगळी भिंत व्यापणारा टीव्ही. सुरुवातीलाच लाल टीमने मैदान पार केलं आणि काका उठून उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. पण पुढे लाल टीम अशी काही मार खाऊ लागली की मध्यांतरानंतर चिप्स चावल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायला लागला. शेवटी डायरेक्टर काकांपाशी येऊन बसला.

"चला, आज तुला तरी शांत झोप लागेल, एनिमी."

"नाही सर," काका म्हणाले. "तुम्ही जिंकायला हवे होतात. खरंच."

त्याने काकांच्या शर्टाकडे पाहिलं. मग आम्हा बाकीच्या लाल शर्टांकडे. "हे लोक मी दिला की घालतात," तो म्हणाला. "तू घालायचा नाहीस. मला ते आवडायचं."

परतीच्या वाटेवर काका शर्टावरची घडीची खूण बोटाने चोळत राहिले. मग म्हणाले, "शर्ट नोकरीसाठी घातला रे. पण टाळ्या खोट्या नव्हत्या. ते जिंकावेत असं मनापासून वाटत होतं. त्याचाच त्रास होतोय."

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरने त्यांना नावाने हाक मारली. गुड मॉर्निंग आणि नाव. काकांनीही नुसतं मॉर्निंग म्हटलं. पुढे तसंच चालू राहिलं.

वसंतात काकांचा अख्खा विभाग ओहायोला हलवला. येणाऱ्याची नोकरी राहील, न येणाऱ्याला नमस्कार. लाल विद्यापीठाचंच गाव. काकांनी घर मिळेल त्या भावाला विकलं आणि तिकडे एका अपार्टमेंटमध्ये राहायला गेले. जाताना मी म्हटलं, काका, तुम्ही म्हणजे सरळ शत्रूच्या पोटात. त्यांना हसू आलं नाही. "इंजेक्शनवाला डॉक्टर चांगला आहे म्हणतात तिथला," एवढंच बोलले.

त्या नोव्हेंबरात मॅचच्या शनिवारी मी फोन केला. त्यांच्या आवाजाला डबा वाजवल्यासारखा घुमारा होता.

"कुठे आहात काका?"

"पार्किंगमध्ये, गाडीत. रेडिओ लावलाय. काचा वर केल्यात. वर भिंती पातळ आहेत, निळ्यांनी काही केलं आणि तोंडातून आरोळी निघाली तर पंचाईत."

"काकू?"

"बरी आहे. कप एका हाताने धरते आता. समोरचा म्हातारा तिला दवाखान्यात नेतो, मी कामावर असतो तेव्हा. त्याच्या दाराला लाल झेंडा, मोटारीला लाल झेंडा, कुत्र्याला लाल पट्टा. आज बोलावलं होतं त्याने वर. मी म्हटलं, डोकं दुखतंय."

इतक्यात फोनमधून दुरून मोठा जल्लोष ऐकू आला. साऱ्या इमारतीचाच असावा. रेडिओवरचा निवेदक भराभर बोलत सुटला. लाल टीमने गुण घेतला होता.

मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागलो, तर काका म्हणाले, "थांब. म्हाताऱ्याचा आवाज ऐकतोय." आणि त्यांनी काच थोडी खाली केली.