कारापूरच्या मोटरचा कोर

माझा मामा हॉस्पिटलच्या खाटेवरून माझ्याशी खोटं बोलला.

आणि मी शहाणी, खूश होऊन घरी आले.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून मेसेज येतायत, "शांत स्वभावाचा माणूस गेला." कोण शांत? डिचोलीत त्याच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात मी सहा वर्षं काम शिकले. शांत असायची ती फक्त मोटर. मामा दिवसभर ओरडायचा.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मोटरला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा.

"स्टॅम्पिंग सुटलांहा. आयक."

स्टॅम्पिंग म्हणजे मोटरच्या पोटातले पातळ पत्रे. शेकडो पत्रे एकावर एक रचून कोर होतो आणि त्यावर आम्ही तांब्याची तार भरतो. हे पत्रे ढिले झाले की मोटर गुणगुणायला लागते. बाकीचे वायंडर तिकडे बघतही नाहीत. तार भरली, पैसे घेतले, टाटा.

मामा मात्र कोर प्रेसखाली दाबणार. बाहेरच्या खाचांत लोखंडी पट्ट्या ठोकून बसवणार, त्यांची टोकं वळवणार, परत वार्निश, परत वाळवण. दोन दिवस! गिऱ्हाईक दारात उभं राहून शिव्या घालतंय, आणि हा पट्टी कानशीने घासतोय.

मला राग यायचा. आजही येतो.

पाच वर्षांपूर्वी ऐन एप्रिलात कारापूरहून सदाभाऊ आपल्या कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, पंपाची मोटर घेऊन आले. पोफळी सुकत होत्या, माणूस रडकुंडीला आलेला. मामा लग्नाला पेडण्याला गेलेला. कोर बघितला तर पत्रे पार खिळखिळे.

मी वेल्डिंग मशीन काढलं. बाहेरून आठ ठिकाणी वेल्ड मारलं. आतले, तार ज्यांच्यात बसते ते दात हलत होते, त्यांच्यावरही टाके घातले. तार भरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतः जाऊन मोटर बसवून आले. आवाज बंद! सदाभाऊंनी मला पिशवीभर सुपारी दिली.

संध्याकाळी मामा आला. मी ऐटीत सांगितलं.

"वेल्डिंग कोणी करूक सांगलेलां तुका?"

"आवाज गेला ना पण?"

"आवाज गेलो म्हणान मोटर बरी झाली? गो, पत्र्या-पत्र्यामधी वार्निश कित्याक असता? तू आतसून-भायरसून सगळे जोडून टाकलंस. आता करंट पत्र्यांतच फिरतलो, कोर तापतलो. मोटर परत हाड."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर बोलला हो! माझं डोकं फिरलं.

"तुला माझं पुढे गेलेलं बघवत नाही," मी म्हणाले. सख्ख्या मामाला. बॅग उचलली आणि निघाले.

पेडण्यात स्वतःचं दुकान टाकलं. चार वर्षं मामाशी बोलले नाही. चवथीला, गणपतीत, जायचे, मामीच्या हातचं जेवायचे, त्याच्याकडे न बघता परत यायचे.

सदाभाऊ भेटले की मी मुद्दाम विचारायचे, "मोटर कशी आहे?"

"एक नंबर! हात लावला तरी थंड."

हे मी सगळ्या पेडण्याला सांगितलं. मामाच्या कानावर जाईल अशा बेताने सांगितलं.

मग तो आजारी पडला. मी गेले. मी काही बोलायच्या आत त्यानेच विचारलं, "कारापूरची मोटर कशी आसा गो?"

"थंड आहे. चार वर्षं झाली."

तो हसला. "मगे तुझांच खरां झालां, बाय."

आठवड्याने गेला.

आज वर्षश्राद्ध आटोपल्यावर मामीने दुकान उघडलं, म्हणाली, काय हवं ते घेऊन जा. बाकाखाली गोणपाटात एक कोर गुंडाळलेला होता. एका बाजूने जळून काळा. बाहेर आठ वेल्ड, आत दातांवर टाके.

माझे टाके. मी ओळखणार नाही?

"कारापूरचां तां," मामी म्हणाली. "तू रागान गेलंस, दुसऱ्याच दिसा ह्यांनी जावन काढून हाडलां. हात लावूक जाय नाय इतकी तापलेली म्हणे. आमच्या बावयेच्या पंपाच्या मोटरचो कोर काढून सदाभाऊक बसयलो. आणि माका चार म्हयने कळशेन पाणी ओढूक लायलां! तुझ्यापायी!"

"मला सांगितलं का नाही?"

"सांगू नको म्हणाले. चूक कळली तर चेडू धंदो सोडतलां म्हणाले."

सदाभाऊंना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, "मामान आण घातलेली गो."

म्हणजे सगळ्यांना माहीत. कारापूरला माहीत, मामीच्या हाताच्या फोडांना माहीत. मी तेवढी पाच वर्षं छाती काढून फिरतेय, मामाच्याच कोरच्या जिवावर.

अरे, सांगायचं ना! चारचौघांत ओरडायला तुला जीभ होती, हे सांगायला नव्हती? मी रडले असते, आठ दिवस दुकानात आले नसते, मग आले असते. नक्की आले असते. चार चवथी तुझ्याशी बोलले असते.

आणि हॉस्पिटलात तरी? तेव्हा कसला धंदा सोडणार होते मी?

खूप चिडलेय तुझ्यावर. भांडायला समोर तू नाहीस, याचीच जास्त चीड येतेय.

तो जळका कोर मी पेडण्याला आणलाय. दुकानात टेबलावर ठेवलाय, गिऱ्हाइकाला दिसेल असा. कोणी घाई करायला लागलं की त्याला दाखवणार आहे, आणि कोणी केलं तेही सांगणार आहे.

मामा, तुझ्या फोटोला हार घातला, हात जोडले. एवढंच म्हणायचं राहिलं होतं.

मी चुकले होते.